लाउफेन आणि ओबर्नडॉर्फ : मिठाच्या वाटेवरचे दुभंगलेले नगर

आल्प्स पर्वतातून उतरणारी झाल्त्साख नदी साल्झबर्ग शहरातून वाहत पुढे जाते आणि तेथून उत्तरेला सुमारे 20 किलोमीटरवर एवढे मोठे वळण घेते की, त्या वळणाच्या आतला भूभाग तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढला जातो. या चिंचोळ्या भूभागावर जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातील लाउफेन हे जुने व्यापारी नगर वसले आहे, तर समोरच्या काठावर ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ आहे. या दोघांना जोडणारा पोलादी पूल 1903 मध्ये बांधून झाला. त्याच्यावर एका राज्याचा दुतोंडी गरुड आणि दुसऱ्याचा सिंह विराजमान आहे, कारण पूल उभा राहिला तेव्हा खालचे पाणी ही दोन राज्यांची हद्द होती. 1816 पूर्वी मात्र येथे हद्द नव्हती आणि ओबर्नडॉर्फ हे स्वतंत्र गावही नव्हते. ती लाउफेनचीच, नदीपलीकडची वस्ती होती.

जगभरातून येणारे बहुतेक प्रवासी ओबर्नडॉर्फमधील एका लहानशा अष्टकोनी प्रार्थनामंदिरापाशी येतात, छायाचित्रे काढतात आणि नदी न ओलांडताच परततात. ते ज्या नाताळगीतासाठी येतात, त्याची हकीकत आपण पुढे पाहणारच आहोत. परंतु ते गीत ज्या लोकांसमोर प्रथम गायले गेले, ते लोक कोण होते आणि त्या वर्षी त्यांच्यावर कोणती वेळ आली होती, हे समजून घ्यायचे असेल तर सुरुवात मिठापासूनच करावी लागते.

कोकणच्या मिठागरांत समुद्राचे पाणी उन्हात आटवून मीठ काढतात, हे आपल्या परिचयाचे आहे. येथे समुद्र शेकडो किलोमीटर दूर, आणि मीठ डोंगराच्या पोटात. साल्झबर्गच्या दक्षिणेला हालाइन गावाजवळ ड्युर्नबर्ग नावाचा डोंगर आहे, आणि त्यातले मीठ इसवी सनापूर्वी केल्ट लोकही खणून काढत असत. मध्ययुगात पद्धत बदलली. डोंगरात पोकळ्या खोदून त्यांत गोडे पाणी सोडायचे, खडकातील मीठ त्यात विरघळू द्यायचे, मग ते खारे पाणी लाकडी नळांतून खाली हालाइनला आणायचे आणि प्रचंड कढयांखाली जाळ लावून आटवायचे, अशी ती रीत होती. या भट्ट्यांना लागणारे सरपणही नदीनेच वाहून आणले जाई. वरच्या जंगलांत तोडलेले ओंडके झाल्त्साखच्या पाण्यात सोडून हालाइनपाशी अडवले जात. तयार झालेले ओले मीठ लाकडी पिंपांत ठासून भरायचे, वाळवायचे आणि नावांत चढवायचे. साल्झबर्गच्या आर्चबिशपांकडे धर्मसत्ता आणि राजसत्ता दोन्ही होत्या आणि त्यांच्या तिजोरीचा मोठा आधार हे मीठच होते. साल्झबर्गमधील ज्या देखण्या बरोक इमारती पाहायला आज लोक जातात, त्यांच्या पायाशी हे मीठ आणि त्याची वाहतूक करणाऱ्यांचे श्रम आहेत, ही गोष्ट प्रवासवर्णनांत फारशी येत नाही.

हालाइनहून निघालेल्या नावा लाउफेनपर्यंत सुखाने येत. लाउफेनच्या वळणावर मात्र पाणी खळाळते होते आणि पात्रात खडक होता. भरलेली नाव तेथून सरळ खाली नेणे म्हणजे माल आणि माणसे दोन्ही गमावण्याची तयारी ठेवणे. त्यामुळे माल उतरवणे, नाव हलकी करून या पाण्याची खोड ठाऊक असलेल्या स्थानिक तांडेलांच्या हाती सोपवणे आणि वळणाच्या खाली तो माल मोठ्या नावांत पुन्हा भरणे, हा क्रम ठरून गेला. जेथे माल थांबतो तेथे हमाल लागतात, कोठारे लागतात, नावा बांधणारे सुतार लागतात, खानावळी लागतात आणि हिशेब ठेवणारे कारकूनही लागतात. लाउफेनची पेठ अशी अडथळ्यावर उभी राहिली. नदी येथे सरळ आणि शांत वाहिली असती, तर मिठाच्या नावा न थांबता पुढे गेल्या असत्या आणि या काठावर फार तर एखादे कोळ्यांचे गाव राहिले असते, असे मला वाटते.

1278 मध्ये आर्चबिशपांनी मीठवाहतुकीचे हक्क काही ठरावीक घराण्यांना वंशपरंपरेने दिले. ही घराणी श्रीमंत झाली आणि त्यांनी नदीच्या वळशातील मुख्य नगरात वाडे बांधले. आज लाउफेनच्या गल्ल्यांतून चालताना जी घरे दिसतात, त्यांचे छप्पर रस्त्यावरून दिसतच नाही. रस्त्याकडील भिंत छपराच्याही वर उंच उचललेली असते आणि छप्पर तिच्यामागे, आतल्या बाजूला उतरत्या पन्हळींसारखे झाकलेले असते. एका घराची आग शेजारच्या घराच्या छपरावर झेपावू नये, हा या रचनेचा हेतू होता. इन आणि झाल्त्साख या दोन नद्यांच्या काठच्या सर्वच व्यापारी नगरांत ही धाटणी आढळते. प्रत्यक्ष नाव हाकणारे खलाशी, हमाल आणि सुतार मात्र नदीपलीकडे, ओबर्नडॉर्फच्या सखल काठावर राहत. वळणाच्या बाहेरच्या बाजूला प्रवाहाचा जोर अधिक असतो, त्यामुळे पूर आला की तो प्रथम त्यांच्या घरांत शिरे.

लाउफेनहून पुढे निघालेले मीठ बुर्गहाउझेनवरून इन नदीत आणि इनमधून पासाउला पोहोचे. पासाउला ही नदी डॅन्यूबला मिळते. तेथे काही मीठ घोड्यांच्या पाठीवर लादून जंगलातील वाटेने बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) प्राखातित्से या गावाकडे रवाना होई. त्या वाटेला लोक सोनेरी वाट म्हणत, यावरून मिठाचे मोल कळावे. परतीच्या प्रवासात नावांतून धान्य आणि दारू येई. पण प्रवाहाच्या विरुद्ध नाव आणणे हे जिकिरीचे काम होते. एकामागे एक बांधलेल्या नावांना दोरखंड लावून काठावरून घोड्यांचे जथे त्या ओढत नेत. एका काठावरची वाट संपली की घोडे नावेत घालून दुसऱ्या काठावर उतरवायचे आणि पुन्हा जुंपायचे. साधी लाकडी नाव परत ओढत आणण्यापेक्षा मुक्कामालाच लाकडाच्या भावाने विकून टाकणे अनेकदा परवडत असे.

एवढा पैसा ज्या मालात होता, त्यासाठी शेजाऱ्यांत भांडण होणे अटळ होते. खालच्या अंगाची नदी बव्हेरियाच्या हाती असल्याने हालाइनच्या मिठाच्या विक्रीवर बव्हेरियाने 16व्या शतकाच्या अखेरीस करार करून पकड बसवली. 1611 मध्ये आर्चबिशप वुल्फ डिट्रिख याने मिठाच्याच वादातून शेजारचे बेर्शटेसगाडेन हे संस्थान व्यापले. त्यावर बव्हेरियाचा ड्यूक माक्सिमिलियान सैन्य घेऊन आला आणि वुल्फ डिट्रिखला पळ काढावा लागला. तो पकडला गेला आणि 1617 मध्ये मरण पावेपर्यंत साल्झबर्गच्या किल्ल्यात कैदेत राहिला.

लाउफेनमधील, माझ्या मते, सर्वांत न चुकवण्याजोगी वास्तू म्हणजे तेथील मुख्य चर्च. 14व्या शतकात बांधलेले हे चर्च दक्षिण जर्मनीतील सर्वांत जुन्या गॉथिक सभागृहशैलीच्या चर्चपैकी एक मानले जाते. या शैलीत मधला आणि बाजूचे असे सर्व दालनभाग सारख्याच उंचीचे असतात. चर्चच्या बाहेरून कमानींची एक ओवरी फिरते आणि तिच्या भिंतींत तांबूस संगमरवराच्या समाधिशिळा बसवलेल्या आहेत. सावकाश पाहत गेल्यास त्यांवरची कुलचिन्हे आणि झिजलेली अक्षरे दिसू लागतात. व्हिएन्नातील कार्ल्सकिर्शे या चर्चच्या घुमटाची भित्तिचित्रे रंगवणारा योहान मिखाएल रॉटमायर हा चित्रकार 1654 मध्ये याच गावात जन्मला आणि त्याची चित्रे या चर्चमध्येही आहेत.

हिवाळ्यात नदीवरची वाहतूक बंद असे आणि खलाशांची कमाईही थांबे. त्या महिन्यांत पोट भरण्यासाठी ओबर्नडॉर्फ आणि लाउफेनच्या खलाशांनी नाटकमंडळ्या उभ्या केल्या आणि ते गावोगाव फिरून प्रयोग करू लागले. उन्हाळ्यात सुकाणू धरणारे हात हिवाळ्यात राजाचा मुकुट आणि संताची काठी धरत. अक्षरओळखही बेताची असलेली ही माणसे पाठांतराच्या बळावर नाटके उभी करत होती, याचा त्यांच्या इतिहासात जेवढा गौरव व्हावा तेवढा झालेला नाही.

1803 मध्ये आर्चबिशपांचे राज्य खालसा झाले. नेपोलियनच्या युद्धांच्या धामधुमीत पुढच्या अवघ्या 13 वर्षांत हा प्रदेश एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिला. अखेर 14 एप्रिल 1816 रोजी म्युनिकमध्ये झालेल्या तहाने साल्झबर्ग ऑस्ट्रियाला मिळाले, झाल्त्साखच्या डाव्या काठचा प्रदेश बव्हेरियाकडे राहिला आणि नदीचे पात्र ही हद्द ठरली. नकाशावर ही रेघ सोयीची होती. लाउफेनमध्ये मात्र तिच्यामुळे मुख्य चर्च, बाजार आणि नावमालकांचे वाडे एका देशात गेले, तर खलाशी, हमाल आणि सुतार दुसऱ्या देशात राहिले. ओबर्नडॉर्फच्या लोकांचे चर्च आता परदेशात होते, म्हणून खलाशांचा पाठीराखा संत निकोलस याच्या नावाने असलेल्या त्यांच्या वस्तीतील लहान चर्चला त्याच वर्षी स्वतंत्र धर्मग्रामाचा दर्जा देण्यात आला. युद्धांनी व्यापार आधीच खिळखिळा केला होता, आणि 1816 हे वर्ष तर युरोपात उन्हाळ्याविना गेलेले वर्ष म्हणून ओळखले जाते. इंडोनेशियातील तंबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकाने आकाशात पसरलेल्या धुरळ्यामुळे थंडी हटली नाही, पिके बुडाली आणि धान्य महागले.

अशा वस्तीत 1817 मध्ये योझेफ मोर हा तरुण धर्मगुरू साहाय्यक म्हणून आला. साल्झबर्गमध्ये विणकाम करून पोट भरणाऱ्या एका अविवाहित स्त्रीचा तो मुलगा, त्यामुळे गरिबी त्याने आतून पाहिली होती. 1816 मध्येच, मारियाफार या गावी असताना, त्याने सहा कडव्यांची एक कविता लिहिली होती. 24 डिसेंबर 1818 रोजी त्याने ती जवळच्या आर्न्सडॉर्फ गावचे शिक्षक आणि ओबर्नडॉर्फच्या चर्चचे ऑर्गनवादक फ्रान्त्स क्सावर ग्रूबर यांच्याकडे चाल लावण्यासाठी दिली, आणि त्याच रात्री दोघांनी गिटारच्या साथीने ती संत निकोलसच्या चर्चमध्ये गायली. इंग्रजीत ‘सायलेंट नाइट’ म्हणून आपल्याकडेही घरोघरी ओळखीचे झालेले हे गीत म्हणजे ‘श्टिले नाख्त’. एका ऑर्गन बांधणाऱ्या कारागिराने ते टिरोल प्रांतात नेले आणि तेथील गायक कुटुंबांनी ते युरोपभर पोहोचवले. 1839 मध्ये यांपैकी राइनर कुटुंबाने ते न्यूयॉर्कमध्ये गायले. तोवर मूळ रचनाकारांची नावे मागे पडली होती आणि ही चाल मिखाएल हायडन या नामवंत संगीतकाराची असावी, अशी समजूत पसरली होती. बर्लिनच्या राजदरबारी संगीतविभागाकडून विचारणा झाली, तेव्हा 1854 मध्ये ग्रूबर यांनी लेखी निवेदन देऊन खरी हकीकत नोंदवली. मोर त्याआधीच, 1848 मध्ये, निर्धन अवस्थेत वारला होता.

ते चर्च आज अस्तित्वात नाही. 19व्या शतकाच्या अखेरीस आलेल्या पुरांनी, विशेषतः 1899 च्या महापुराने, जुन्या ओबर्नडॉर्फची इतकी हानी केली की वस्ती नदीच्या वरच्या अंगाला, अधिक सुरक्षित जागी हलवण्यात आली. जुना लाकडी पूलही याच पुरात गेला, आणि आताचा पोलादी पूल म्हणूनच नव्या जागी उभा आहे. संत निकोलसचे जीर्ण चर्च पाडण्यात आले आणि त्याच जागी उभारलेले स्मृतिमंदिर 1937 मध्ये खुले झाले. लोक जे पाहायला येतात ते हेच. नदीवरचा व्यापार तर त्याच्या कितीतरी आधी संपला होता. 1860 मध्ये म्युनिक आणि साल्झबर्ग रेल्वेने जोडले गेले आणि मीठ नावेऐवजी डब्यांतून जाऊ लागले.

मिठाचा एक करार मात्र अजून जिवंत आहे. ड्युर्नबर्गच्या खाणीचे बोगदे जमिनीखालून बव्हेरियाच्या हद्दीत गेले होते. 1829 मध्ये दोन्ही राज्यांनी ठरवले की, ऑस्ट्रियाने बव्हेरियाच्या जमिनीखाली मीठ काढावे आणि त्याबदल्यात ऑस्ट्रियाच्या हद्दीतील मोठ्या जंगलांवरचा बव्हेरियाचा हक्क कायम राहावा. हालाइनचे मीठ-उत्पादन 1989 मध्ये थांबले. ती जंगले मात्र आजही बव्हेरियाचीच आहेत.

ऑस्ट्रिया 1995 मध्ये युरोपीय संघात आला आणि 1998 मध्ये पुलावरची नित्याची तपासणी उठली. 2006 मध्ये केवळ पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी आणखी एक झुलता पूल बांधण्यात आला, तेव्हापासून दोन्ही काठांच्या रहिवाशांना ये-जा करण्यासाठी मोठ्या पुलापर्यंत वळसा घालावा लागत नाही. खलाशांच्या संघटनांनी आपले रिवाज जपले आहेत. जूनच्या सुमारास येणाऱ्या कॉर्पस क्रिस्टी या सणाला मिरवणूक नदीवर येते आणि धर्मगुरू प्रवाहात पवित्र भाकरीचे तुकडे सोडतात. पाण्याने पोसले आणि पाण्यानेच बुडवले, अशा नदीला दिलेला हा नैवेद्य आहे.

साल्झबर्गहून स्थानिक रेल्वेने ओबर्नडॉर्फला सुमारे अर्ध्या तासात पोहोचता येते. तेथून स्मृतिमंदिराकडे वळण्यापूर्वी आधी पूल ओलांडून लाउफेनमध्ये जावे, ओवरीतील समाधिशिळा पाहाव्यात, नावमालकांच्या घरांच्या त्या उंच भिंती पाहाव्यात आणि मग झुलत्या पुलावरून परत यावे. त्या वाटेने आल्यास खलाशांची जुनी वस्ती कोणत्या काठावर होती आणि नगर कोणत्या काठावर, हे कोणी न सांगता कळते.