घोड्याच्या मुखाचा राखणदार

नमस्कार मंडळी! नरसिंह, वराह, गणपती हे सगळे आपल्या घरातलेच, पण घोड्याचं मुख असलेला हयग्रीव आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नसतो आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून आज त्याच्याबद्दलच बोलूया.

महाभारतात, शांतिपर्वात कथा येते. मधू आणि कैटभ या दैत्यांनी ब्रह्मदेवाकडचे वेद पळवले, थेट रसातळाला नेले, तेव्हा विष्णूने हे रूप घेतलं आणि वेद परत आणले. त्यामुळे दक्षिणेत हा विद्येचा देव, तमिळनाडूत कडलूरजवळ तिरुवहिंद्रपुरमला परीक्षेआधी पोरं वह्या-पेनं घेऊन याच्या दर्शनाला येतात. कर्नाटकात माध्व लोक, म्हणजे मध्वाचार्यांचे अनुयायी, याला हरभऱ्याची डाळ, गूळ, खोबरं, तूप घातलेला नैवेद्य दाखवतात आणि त्या पदार्थाचं नावच हयग्रीव! माध्व संत वादिराजस्वामी हे ताट डोक्यावर धरायचे आणि देव पांढरा घोडा होऊन मागून येऊन खायचा, असं तिथे सांगतात.

तिबेटात हाच तामद्रिन, पण काय अवतार! अंग लालभडक, डोळे वटारलेले, केसांतून वर आलेलं छोटं हिरवं घोड्याचं डोकं, ते खिंकाळलं की भुतंखेतं पळालीच म्हणून समजा. आणि हा कोण, तर अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व, त्याचंच उग्र रूप. करुणेलाही कधीतरी संतापावं लागतं, हे मला फार पटतं. ल्हासाच्या सेरा मठात आईबाप लेकरांना याच्यासमोर नेतात आणि रात्री दचकून उठू नये म्हणून नाकावर काजळी लावून घेतात, आपण बाळाला तीट लावतो ना, तसंच. जपानात तो बातो कन्नोन, तिथे मेलेल्या घोड्यांच्या आठवणीसाठी वाटेवर त्याचे दगड उभे केलेत.

आणि हे हिंदू आणि बौद्ध असे दोन्ही प्रवाह एकत्र बघायचे तर आसामात हाजोला जा. मणिकूट टेकडीवर हयग्रीव माधवाचं देऊळ आहे, आत्ताचं बांधकाम कोच राजा रघुदेवाने 1583 साली केलेलं, देवळाच्या पायथ्याला भिंतीभर दगडी हत्तींची रांग. हिंदू याला विष्णू म्हणून पूजतात आणि हिवाळ्यात भूतानचे बौद्ध यात्रेकरू इथेच येतात, त्यांच्यातल्या अनेकांची श्रद्धा अशी की बुद्धांचं निर्वाण इथे झालं. इतिहासकार कुशीनगर म्हणतात, ते बरोबरच आहे, पण म्हणून कोणी यायचं थांबलेलं नाही.

आपली बरीच मंडळी कामाख्येला जातात आणि तिथूनच परत फिरतात, गुवाहाटीहून हाजो तीसेक किलोमीटरच आहे, तेव्हा अर्धा दिवस जास्तीचा काढाच, आणि खालच्या तळ्यातली कासवं बघायला विसरू नका.