दहा वर्षं न संपलेला उन्हाळा

नमस्कार मंडळी. आजचा विषय मोठ्या माणसांचा आहे, घरात लहान मुलं असतील तर त्यांना जरा बाहेर खेळायला पाठवा. वावगं काही बोलणार नाहीये, पण ज्या सिनेमांबद्दल बोलायचंय ते प्रौढांसाठीचे आहेत.

'लेमन पॉप्सिकल' हे नाव व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यातल्या काही जणांना आठवत असेल. इस्रायलचा सिनेमा, १९७८ चा, हिब्रूत नाव 'एस्किमो लिमोन', म्हणजे लिंबाची आइसकांडी. बेंझी, मोमो आणि युदाले असे तीन मित्र, तेल अवीव शहर, १९५० च्या दशकाचा शेवट, समुद्रकिनारा, रॉक अँड रोल, आणि वयात येणाऱ्या पोरांच्या डोक्यात दिवसरात्र जे चालू असतं ते सगळं. मग त्याचे पुढचे भाग निघत गेले, १९७९, ८१, ८२, ८४, ८५, ८७, ८८, म्हणजे पहिला धरून दहा वर्षांत आठ सिनेमे आणि बहुतेकांत तेच तीन मित्र. इतके भाग लोकांनी का बघितले? उघडेवाघडे सीन होते म्हणून, असं पटकन उत्तर येतं, आणि ते खोटं नाही, पण ते पुरत नाही. तसले सीन त्या काळात बाकी ढीगभर सिनेमांत होते आणि ते सिनेमे आज कुणाला नावानिशी आठवत पण नाहीत.

आधी पहिल्या भागाबद्दल बोलू, कारण सगळं तिथून निघतं. दिग्दर्शक बोआझ डेव्हिडसन, जन्म १९४३ चा, तेल अवीवचाच, आणि बेंझी म्हणजे बराचसा तो स्वतःच. त्याला आपल्या पोरवयातलं शहर पडद्यावर आणायचं होतं. बेंझी साधा, लाजाळू, निली नावाच्या मुलीवर जीव टाकणारा. निलीला आवडतो मोमो, देखणा, बेफिकीर. मोमो तिला फिरवतो, तिला दिवस जातात, आणि तो सरळ हात झटकतो. मग तिच्या पाठीशी उभा राहतो तो बेंझी, गर्भपातासाठी पैशाची सोय करतो, तिच्यासोबत जातो, तिची काळजी घेतो, आणि आपल्याला बघताना वाटतं की चला, आता तरी हिला कळेल. शेवटी तिच्या वाढदिवसाच्या पार्टीला हा जातो आणि बघतो तर निली परत त्याच मोमोच्या मिठीत. बेंझी काही बोलत नाही, भांडत नाही, वळतो आणि बाहेर पडतो, डोळ्यांत पाणी, मागे बॉबी व्हिंटनचं 'मिस्टर लोनली'. संपला सिनेमा. दीड तास हसवून झाल्यावर प्रेक्षकाला असं रडवेलं घरी पाठवायचं, याला धाडस लागतं. तेच कथानक डेव्हिडसनने १९८२ मध्ये अमेरिकेत 'द लास्ट अमेरिकन व्हर्जिन' म्हणून परत केलं, तेव्हाच्या लॉस एंजेलिसमध्ये आणि तेव्हाची गाणी घेऊन, पण शेवट मात्र हाच ठेवला, आणि त्या सिनेमाचा विषय निघाला की अमेरिकन माणूस पण आधी शेवटाबद्दलच बोलतो.

आता त्या गाण्याचं बघा. 'मिस्टर लोनली' अमेरिकेत नंबर एकला पोचलं १९६४ च्या डिसेंबरात, आणि सिनेमा तर १९५० च्या दशकातला. कुणी म्हणेल चूक आहे. मला तसं वाटत नाही, आठवण अशीच काम करते, तिला सालं कळत नाहीत, सोळाव्या वर्षाचं दुःख आणि एकविसाव्या वर्षी ऐकलेलं गाणं ती बिनदिक्कत एकत्र शिवून टाकते. हा सिनेमा १९५८ चं तेल अवीव जसं होतं तसं दाखवतच नाही, वीस वर्षांनी एका माणसाला जसं आठवलं तसं दाखवतो.

आणि गाण्यांशिवाय हे सिनेमे उभेच राहत नाहीत. बिल हेली, लिटल रिचर्ड, पॉल अँका, एकामागून एक. हे मी रेडिओवरून बोलतोय म्हणून मुद्दाम सांगतो, इस्रायलमध्ये सगळ्यांसाठीचा टीव्ही आला १९६८ मध्ये, त्याआधीच्या पोरांना हे परदेशी संगीत ऐकायला मिळायचं ते रेडिओवर, आणि त्यातलं एक आवडतं स्टेशन होतं रामल्लाचं, म्हणजे तेव्हाच्या जॉर्डनचं, ज्या देशाशी त्यांचं वैर होतं त्याचं! आपल्याकडच्या जुन्या श्रोत्यांना हे लगेच कळेल. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले, आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली, आणि अख्खा देश रेडिओ सिलोनला कान लावून बसला, बिनाका गीतमाला तिथूनच घराघरात पोचली. सरकार म्हणतं हे ऐका, पोरं सुई फिरवून शेजारच्या देशाचं ऐकतात, हे तिकडे पण आणि इकडे पण. ज्या गाण्यासाठी अशी सुई फिरवलेली असते ते माणूस मरेपर्यंत विसरत नाही, आणि डेव्हिडसनने अख्खा सिनेमा त्या गाण्यांवर उभा केला.

इस्रायलमध्ये पहिल्या भागाची तेरा लाखांहून जास्त तिकिटं विकली गेली, तेव्हा देशाची लोकसंख्याच होती ३७ लाखांच्या आसपास. १९७३ च्या अरब देशांशी झालेल्या युद्धाची जखम ताजी होती, लोक थकलेले होते, आणि कुणीतरी त्यांना असं शहर दाखवलं जिथे युद्ध नाही, गणवेश नाही, फक्त आइसक्रीमचं दुकान, घरातल्या पार्टीत मंद लयीवर नाचणारी पोरं, आणि घरी बेंझीची आई, जेवायला घालता घालता ओरडणारी. त्या आईचं काम द्वोरा केदारने असं केलंय की बाकी काही नाही तरी तिच्यासाठी बघावं. पण खरं १९५८ इतकं गुळगुळीत नव्हतं. रेशनिंगची ओढाताण नुकती कुठे संपत आली होती, आणि त्याच वर्षांत आपल्या कोकणातून, अलिबाग-पनवेलकडून गेलेली बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू कुटुंबं दिमोनासारख्या वाळवंटातल्या नव्या गावांत मराठी बोलत संसार थाटत होती, आणि लग्नाच्या बाबतीत आम्ही पण बाकीच्यांइतकेच ज्यू आहोत हे मान्य करून घ्यायला त्यांना १९६४ पर्यंत झगडावं लागलं. ती पोरं या सिनेमांत कुठेच नाहीत. नॉस्टॅल्जिया कोणाचा आहे हे बघितलं की कोण गाळलं गेलं ते पण दिसतं, आणि मला हे सिनेमे आवडत असले तरी हे बोलल्याशिवाय पुढे जायचं नाहीये.

सगळ्यात नवल वाटतं ते जर्मनीचं. तिथे 'आइस आम श्टील' नावाने हे सिनेमे इतके चालले की पुढच्या भागांत जर्मन पैसा आला, जर्मन नट्या आल्या, आणि सातवा-आठवा भाग तर ऑस्ट्रियन दिग्दर्शकांनी केला. १९७९ च्या जानेवारीत पश्चिम जर्मनीच्या टीव्हीवर 'होलोकॉस्ट' ही हिटलरच्या काळातल्या ज्यूंच्या कत्तलीवरची अमेरिकन मालिका लागली आणि घराघरात आपल्या बापांनी काय केलं याची चर्चा सुरू झाली, आणि त्याच सुमाराला तिथली पोरं थिएटरात तीन ज्यू पोरांच्या उचापतींवर हसत होती. डबिंगमध्ये बेंझीचा बेनी झाला, युदालेचा जॉनी झाला, हिब्रू बरंचसं पुसलं गेलं, कितीतरी जणांना हे शहर इस्रायलमधलं आहे हे लक्षात पण आलं नसणार. तरी मला वाटतं की यात काहीतरी चांगलं झालं, त्या पोरांना ज्यू माणूस एकदा तरी इतिहासाच्या पुस्तकाबाहेर भेटला, आईची बोलणी खाणारा, मुलगी नाही म्हणाली म्हणून रडणारा.

आता पुढच्या भागांचं. दुसऱ्या भागात बेंझीला तामी भेटते, पुन्हा प्रेम, पुन्हा घोळ. चौथ्यात तिघं सैन्यात, सहाव्यात गोष्ट जहाजावर. म्हणजे पहिल्या भागाच्या शेवटी मोमोने जे केलं त्यानंतर खऱ्या आयुष्यात कुणी त्याचं तोंड बघितलं नसतं, पण पुढच्या भागात तिघं परत एकत्र, जसं काही घडलंच नाही. कुणी याला आळशीपणा म्हणेल, पण माझ्या मते आकर्षण नेमकं इथेच आहे. आपल्यापैकी प्रत्येकाचा एक ग्रुप असतो जो कुठल्यातरी एका गोष्टीवरून फुटला, कधी मुलीवरून, कधी पैशावरून, कधी काही कारण नसताना, आणि इथे पडद्यावर तो ग्रुप दर दोन वर्षांनी परत जमतो, त्याच वयाचा, त्याच गाण्यांवर. 'अमेरिकन पाय' या अशाच अमेरिकन सिनेमालिकेवाल्यांनी वेगळा रस्ता घेतला, १९९९ ची पोरं २०१२ च्या 'अमेरिकन रियुनियन'मध्ये लग्न झालेली, मुलंबाळं असलेली दाखवली, तिथे काळ पुढे गेलेला दिसतो. इथे काळ हलतच नाही, हलतात फक्त नटांचे चेहरे. युदाले करणारा झाखी नोय पहिल्या भागातच पंचविशीतला होता, आठव्यात पस्तिशीला टेकलेला, आणि तरी पोरगाच.

याची किंमत त्या नटांनी मोजली. योनातान सेगल, म्हणजे मोमो, त्यातून बाहेर पडला, १९९३ च्या 'शिंडलर्स लिस्ट'मध्ये दिसला, पुढे स्वतः दिग्दर्शक झाला. सगळ्यांना ते जमलं नाही. २०१८ मध्ये एरिक फ्रिडलर या जर्मन दिग्दर्शकाने या मालिकेवर डॉक्युमेंटरी केली, त्यात या यशाने आपलं काय नुकसान झालं ते कलाकार स्वतः बोललेत, ती जरूर बघा. पैसा गेला निर्मात्यांकडे, मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस, ज्यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतली कॅनन कंपनी घेतली आणि ऐंशीच्या दशकात मारधाडीच्या सिनेमांचा कारखानाच काढला. आणि बायकांचं चित्रण, ते आज बघवत नाही. पहिल्या भागात निलीला निदान मन आहे, तिला काय वाटतंय ते अनात अत्समोनच्या चेहऱ्यावर दिसतं, नंतर नंतर मुली फक्त चेष्टेचा आणि डोकावून बघण्याचा विषय होऊन जातात, आणि त्या जागी मी तरी पुढे पळवतो.

तेव्हा बघायचे असतील तर पहिला नीट, सलग बघा, शक्यतो हिब्रूत आणि सबटायटल्स लावून, कारण डबिंगमध्ये त्या आईची सगळी मजा जाते. मग दुसरा आणि तिसरा गाण्यांसाठी. चौथा डेव्हिडसनने केलेला शेवटचा, तो तिघांच्या दंग्यासाठी ठीक आहे. पाचव्यापासून दिग्दर्शक बदलले आणि ज्या माणसाची ती आठवण होती तोच निघून गेला, तिथून पुढचे नाही बघितले तरी काही अडत नाही.