महापौरांची निवडणूक आणि मधले दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

महानगरपालिकेची निवडणूक आपल्या सगळ्यांच्या परिचयाची आहे. मतदान केंद्रावर रांग लागते, बोटाला शाई लागते, मतमोजणी होते आणि प्रभागातून गुलाल उधळत मिरवणूक निघते. आपण त्या दिवशी समजतो की आपले काम संपले. परंतु त्यानंतर आणखी एक निवडणूक होते, ती महापौरांची, आणि तिच्यात आपल्याला मत नसते. आज मला या दुसऱ्या निवडणुकीविषयी बोलायचे आहे, आणि त्यातही या दोन निवडणुकांच्या मधल्या दिवसांविषयी. कारण त्या मधल्या दिवसांत, आपण ज्यांना निवडून दिले तीच माणसे आपल्याला भेटत नाहीत.

ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर आपण या निवडणुकांची फार दिवस वाट पाहिली. नवी मुंबईत मे 2020 पासून आणि ठाण्यात मार्च 2022 पासून नगरसेवकच नव्हते. प्रशासकांचा कारभार होता. अखेर 15 जानेवारी 2026 रोजी मतदान झाले. ठाण्याच्या सभागृहात 131 नगरसेवक बसतात आणि नवी मुंबईच्या सभागृहात 111. हे नगरसेवक आपल्यामधूनच एकाला महापौर निवडतात. स्वीकृत, म्हणजे जनतेच्या मतांनी नव्हे तर नेमणुकीने आलेल्या नगरसेवकांना या मतदानाचा अधिकार नसतो. सगळे नगरसेवक हजर असतील तर बहुमतासाठी ठाण्यात 66 आणि नवी मुंबईत 56 हात वर व्हावे लागतात, आणि मते समसमान पडली तर चिठ्ठी काढून निकाल लागतो. महापौरपद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव असेल, हेदेखील मंत्रालयातील सोडतीत ठरते. महापौरांची मुदत अडीच वर्षांची असते. पुन्हा सांगते, अडीच वर्षांची. म्हणजे नगरसेवकांच्या एका मुदतीत ही निवडणूक दोनदा होते.

शाळेच्या नागरिकशास्त्रात महापौर हे शहराचे प्रथम नागरिक, एवढे वाक्य मुले पाठ करतात. माझे फार दिवसांचे मत आहे की प्रत्येक शाळेने नववीच्या मुलांना वर्षातून एकदा तरी महासभा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांची सभा, दाखवायला न्यावे. ठाण्याच्या मुलांना पाचपाखाडीतील महापालिका भवन ठाऊक असते, पण आतले नरेंद्र बल्लाळ सभागृह त्यांच्यापैकी किती जणांनी पाहिले असेल? कारभाराची कार्यकारी सत्ता आयुक्तांकडे असते, पैशाच्या बहुतेक बाबी सोळा सदस्यांच्या स्थायी समितीपुढे जातात आणि महापौर महासभेचे अध्यक्षस्थान भूषवतात, हे तिथे तासभर बसले की मुलांना आपोआप उमगेल.

आता या निवडणुकीत एवढी चुरस का होते? बहुमत स्पष्ट असले तर फारशी होत नाही. 2017 साली ठाण्यात शिवसेनेला 131 पैकी 67 जागा मिळाल्या आणि प्रश्न तिथेच संपला. परंतु 2012 साली 130 जागांच्या सभागृहात शिवसेना 53 वर थांबली होती, राष्ट्रवादी काँग्रेसचे 34 नगरसेवक होते आणि मनसेचे सात नगरसेवक कोणाच्या बाजूला जातात, याकडे सारे शहर डोळे लावून बसले होते. त्याच दिवसांत भाजपच्या एक नगरसेविका दिसेनाशा झाल्या आणि त्यावरून शहरात बंद पुकारला गेला. शेवटी मनसेच्या पाठिंब्यावर शिवसेनेचे हरिश्चंद्र पाटील महापौर झाले. नवी मुंबईत 2015 साली राष्ट्रवादीला 52 जागा मिळाल्या होत्या, बहुमताला चार कमी. काँग्रेसच्या दहा जणांना सोबत घेऊन सुधाकर सोनवणे महापौर झाले. चार मते. एवढ्याशा अंतरासाठी फोडाफोडीची भीती निर्माण होते आणि त्या भीतीपोटी नगरसेवकांना गावाबाहेर नेऊन ठेवण्याची प्रथा पडली.

ठाण्याला या भीतीचा एक फार दुःखद इतिहास आहे. 1989 सालच्या महापौर निवडणुकीत शिवसेनेचे प्रकाश परांजपे यांचा निसटता पराभव झाला, काँग्रेसचा महापौर झाला, शिवसेनेतीलच मते फुटल्याचा संशय घेतला गेला आणि त्यानंतर एका नगरसेवकाचा खून झाला. त्या काळी ठाण्यात राहणाऱ्या माणसांना ते दिवस आठवतात. महापौरपदाच्या एका मताची किंमत कुठवर जाऊ शकते, हे या शहराने पाहिले आहे, म्हणून हा विषय मी हलक्याने घेत नाही.

आता मला तुम्हाला ठाण्याच्या कळव्यातील एका नगरसेविकेची हकिकत सांगायची आहे. साल सांगत नाही आणि पक्षही सांगत नाही. आम्ही सगळ्या त्यांना वहिनी म्हणत असू. बचत गटाचे काम करता करता प्रभाग महिलांसाठी राखीव झाला, पक्षाने उमेदवारी दिली आणि त्या पहिल्याच वेळी निवडून आल्या. निकालाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना निरोप आला की चार दिवसांचे कपडे घ्या आणि रात्री तीन हात नाक्यावर या. कुठे जायचे, हे सांगितले नाही. बसमध्ये बसल्यावर पक्षाच्या समन्वयकांनी सगळ्यांचे मोबाईल एका पिशवीत गोळा केले. चार दिवसांचे पुढे आठ-नऊ दिवस झाले, कारण सभेची तारीख पुढची निघाली होती.

इकडे कळव्यात त्याच आठवड्यात रस्त्याच्या खोदकामात जलवाहिनी फुटली. आधीच शुक्रवारचा पाण्याचा शटडाऊन झालेला, त्यात ही भर. पाणी सोडणारा चावीवाला म्हणे, वरून हुकूम नाही. टँकर एका गल्लीत यायचा आणि दुसरीत यायचा नाही. बायका कळशा घेऊन वहिनींच्या दारात आल्या. त्यांच्या नवऱ्याने सांगितले, त्या बाहेरगावी गेल्या आहेत. कुठे? ते मलाही माहीत नाही. ज्या बायकांनी उन्हातान्हात फिरून प्रचार केला होता, त्यांना हे उत्तर ऐकून काय वाटले असेल याची कल्पना तुम्ही करू शकता.

वहिनींच्या सासूबाई त्या वेळी पंचाहत्तरीच्या होत्या. त्यांनी नातवाची एक कोरी वही घेतली, दारात खुर्ची टाकली आणि आलेल्या प्रत्येकीचे नाव, चाळ, खोली नंबर आणि गाऱ्हाणे लिहून घ्यायला सुरुवात केली. "ती येईपर्यंत मी लिहून ठेवते, पण लिहिलेले वाया जाणार नाही," असे त्या सांगत. नळ, गटार, बंद पडलेला पथदिवा, वारलेल्या माणसाचे नाव शिधापत्रिकेतून काढणे, सगळे त्या वहीत उतरले. मी स्वतः ती वही हाताळली आहे. अक्षर थरथरते होते, पण एकही नोंद तारखेवाचून नव्हती.

निवडणुकीच्या दिवशी बस थेट महापालिका भवनाच्या फाटकात आली. सगळ्या नगरसेविका एकाच रंगाच्या साड्यांत होत्या. पोलिसांचे कडे होते आणि घरच्या माणसांना त्याच्या बाहेरच थांबावे लागले. सासूबाई वही छातीशी धरून तिथे उभ्या होत्या. वहिनींनी त्यांना पाहिले, पण थांबता आले नाही. सभागृहात हात वर झाले, मोजले गेले, महापौर निवडून आले. बाहेर ढोल वाजू लागले तेव्हा कुठे वहिनी कड्याबाहेर आल्या, सासूबाईंच्या पाया पडल्या, वही घेतली, आणि पक्ष कार्यालयातल्या सत्काराला न जाता त्याच इमारतीत पाणीपुरवठा विभागात जाऊन बसल्या.

पुढे एकदा आम्ही बोलत बसलो असताना मी त्यांना विचारले की त्या दिवसांत तुमच्यात महापौर कोण व्हावा याची चर्चा होत होती का. त्या म्हणाल्या, "आम्हाला कोणी विचारलेच नाही. उमेदवाराचे नाव मला सकाळी नाश्त्याच्या टेबलावर पडलेल्या वर्तमानपत्रातून कळले." श्रोतेहो, हे वाक्य मी अनेकदा सांगत आले आहे आणि आजही सांगते. ज्यांना महापौर निवडण्याचा अधिकार आहे, त्यांतल्या एकीला उमेदवाराचे नाव वर्तमानपत्रातून कळले.

अडीच वर्षांनी पुन्हा निवडणूक आली आणि पुन्हा तोच निरोप आला. या वेळी वहिनींनी नकार दिला. पक्षाचे लोक घरी आले, समजावले, थोडे दरडावलेही. वहिनींचे म्हणणे एकच होते: पक्षादेश, म्हणजे पक्षाचा व्हिप, मोडणार नाही, पण घर सोडणार नाही. मग रीतसर पक्षादेश बजावण्यात आला. एक प्रत त्यांच्या हातात दिली आणि एक दारावर चिकटवली. वहिनींनी सही करून आपली प्रत घेतली. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी दारावरचा कागद वाचला. सभेच्या दिवशी त्या कळव्याहून रिक्षाने महापालिकेत गेल्या, पक्षाने सांगितलेल्या उमेदवारासाठी हात वर केला आणि दुपारी जेवायला घरी आल्या. त्या आठवड्यात त्यांच्या दारातली एकही तक्रार थांबली नाही.

मला ही हकिकत एवढी महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात या प्रथेला उत्तर आहे. निवडून आलेल्या पक्षांची आणि आघाड्यांची गटनोंदणी कोकण विभागीय आयुक्तांकडे, बेलापूरच्या कोकण भवनात होते. पक्षादेश मोडणाऱ्या सदस्याला अपात्र ठरवणारा 1986 चा कायदा महाराष्ट्रात आहे. मतदान हात उंचावून होते, त्यामुळे कोणी कोणाला मत दिले हे सगळ्या सभागृहाला दिसते. कायदा आहे, नोंदणी आहे, उघड मतदान आहे. मग माणसांना लपवून ठेवण्याची गरज काय उरते? पक्षांचे लोक सांगतात की अपात्रतेची प्रकरणे वर्षानुवर्षे चालतात, अपक्षांना पक्षादेश लागू होत नाही आणि सभेला गैरहजर राहूनही खेळ बिघडवता येतो. या अडचणी खऱ्या आहेत, मी त्या नाकारत नाही. परंतु त्यांवरचा उपाय अपात्रतेचे निर्णय ठरावीक मुदतीत लावणे हा आहे. नगरसेवकाचा मोबाईल पिशवीत घालणे हा उपाय असूच शकत नाही, कारण ज्याला घरी राहू देण्याइतकाही विश्वास नाही, त्याच्यासाठी पक्षाने आमच्या प्रभागाकडे मते मागितलीच कशाला?

ही गोष्ट चार सदस्यांच्या प्रभागांत अधिकच बिकट होते. मला ही प्रभागरचना मुळातच पटत नाही. ठाण्यात 33 प्रभाग आहेत, त्यांतले 32 चार सदस्यांचे आणि एक तिघांचा. चार नगरसेवक असले की पाण्याचे काम नेमके कोणाचे, हा वाद प्रभागात कायम राहतो, आणि चौघेही एकाच पॅनेलचे असतील तर महापौर निवडणुकीच्या आधी चौघेही एकाच बसमधून निघून जातात. एका सदस्याचा प्रभाग असता तर माणूस कोणाकडे बोट दाखवायचे हे तरी जाणून असता.

1974 साली महाराष्ट्रात नगराध्यक्षांची थेट निवडणूक झाली आणि ठाण्याने सतीश प्रधान यांना थेट मतांनी नगराध्यक्ष केले. 1986 साली ते ठाण्याचे पहिले महापौर झाले, ते मात्र नगरसेवकांच्या मतांनी. महापौरही थेट निवडावा असे पुष्कळांना वाटते. माझे मत तसे नाही. थेट निवडलेला महापौर आणि विरुद्ध बहुमताचे सभागृह समोरासमोर आले की शहराची कामे अडतात, म्हणून निवड सभागृहातूनच व्हावी, पण ती उजेडात व्हावी, एवढाच माझा आग्रह आहे.

तेव्हा श्रोतेहो, आपापल्या नगरसेवकांना आत्ताच दोन गोष्टी विचारून ठेवा. पुढच्या महापौर निवडणुकीच्या आधी तुम्ही प्रभागात असाल का? आणि कोणाला मत देणार आहात, हे आम्हाला सभेच्या आधी सांगाल का? पुन्हा सांगते: प्रभागात असाल का, आणि आधी सांगाल का. महासभा नागरिकांना खुली असते. प्रेक्षक कक्षाचा पास कसा मिळतो, याची चौकशी महापालिका सचिवांच्या कार्यालयात करता येते. महापौर निवडीच्या दिवशी गर्दी फार असते, म्हणून ही चौकशी सभेची तारीख जाहीर झाली की लगेच करावी.

नमस्कार.