नागपूरच्या उन्हाळ्यात खमीर

(दृश्य: नागपूरच्या महाल भागातल्या एका घराचं स्वयंपाकघर. ओट्यावर काचेची बरणी आणि वजनकाटा.)

५० ग्रॅम कणीक, ५० ग्रॅम पाणी. घरी पाव करायचा तर खमिराची, म्हणजे पाव फुगवणाऱ्या आंबवलेल्या पिठाची, सुरुवात एवढ्यावर होते. कणीक चक्कीवरून दळून आणलेली घ्या आणि चाळू नका. आपल्याला हवं असलेलं रानटी यीस्ट बरंचसं गव्हाच्या सालीवरूनच येतं, म्हणून कोंडा राहू द्या.

पाणी मात्र गच्चीवरच्या टाकीचं नको. मे महिन्यात भर दुपारी त्या नळाखाली हात धरवत नाही. आदल्या रात्री माठात भरून ठेवलेलं पाणी घ्या. ते गार असतं आणि त्यातला क्लोरीनही बराचसा उडून गेलेला असतो. बरणीचं झाकण सैल ठेवा, कारण आत वायू तयार होणार आहे.

(दृश्य: बरणीला बांधलेला रबर. मिश्रण त्याच्या वर चढलेलं.)

दुसऱ्या दिवशी मिश्रण फसफसून वर येतं आणि घरात आनंदीआनंद होतो. पण हे काम अजून यीस्टचं नाही. पिठातले काही जिवाणू आधी जोर धरतात, म्हणून वासही नकोसा येतो. मग एक-दोन दिवस सगळं थंड पडतं. बहुतेक जण इथेच बरणी रिकामी करतात, आणि त्याची खरंच हळहळ वाटते. कारण याच शांत दिवसांत आंबटपणा वाढत असतो. त्या आम्लात सुरुवातीचे जिवाणू मागे हटतात, आणि ते सोसणारं यीस्ट पुढे येतं. रोज थोडं जुनं मिश्रण ठेवून त्यात ताजी कणीक आणि पाणी घालत राहा. बाकीचं काढाल ते धिरड्यात घाला. बुरशी धरली किंवा गुलाबी, नारिंगी रेघा दिसल्या, तर मात्र सगळं फेकून द्या.

१८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. पाकिटातलं यीस्ट त्याच वाटेनं आपल्यापर्यंत आलं. बरणीतलं खमीर वेगळं. त्यात यीस्ट आणि आम्ल करणारे जिवाणू एकत्र नांदतात. यीस्ट पिठातली साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतं, त्यानं पाव फुगतो. चव येते ती मुख्यतः जिवाणूंच्या आम्लामुळे.

(दृश्य: खिडकीबाहेर रणरणतं ऊन. आत कूलर सुरू.)

आता नागपूरचा प्रश्न. यीस्टला २५ ते ३० अंश मानवतं. बाहेर पारा ४५ वर गेला की स्वयंपाकघरही सहज ३६-३७ अंशांवर जातं. जिवाणूंना ते सोसतं, यीस्ट मागे पडतं. खमीर तीन-चार तासांत चढतं, उतरतं आणि आंबट, पातळ होऊन बसतं. थंड देशातल्या पाककृतीत लिहिलेलं ‘समप्रमाणात, दिवसातून एकदा’ इथे मे महिन्यात चालत नाही. जुनं खमीर कमी आणि नवं पीठ जास्त घ्या: १० ग्रॅम खमीर, ५० ग्रॅम कणीक, ४० ग्रॅम माठातलं पाणी. बरणीला ओलं फडकं गुंडाळून ती कूलरच्या वाऱ्यात ठेवा. कोरड्या हवेत फडक्यातलं पाणी भराभर उडतं आणि बरणी गार राहते. पावसाळ्यात हा उपाय लागू पडत नाही. तेव्हा खमीर चढलं की फ्रीजमध्ये ठेवा. डिसेंबरच्या थंड रात्रींत याच बरणीला चढायला बारा तास किंवा जास्तही लागतील. तेव्हा पीठ वाढवण्याची घाई नको.

पीठ दिल्यावर काही तासांत खमीर दुप्पट व्हायला लागलं, आणि हे रोज ठरल्यासारखं घडू लागलं, की ते पावासाठी तयार आहे.

(दृश्य: ताटात पातळ पसरलेलं खमीर, शेजारी कुरडयांचं वाळवण.)

नागपूरचा उन्हाळा एका कामात मात्र मदत करतो. जोमात असलेलं खमीर प्लास्टिकवर अगदी पातळ पसरा आणि सावलीत, पंख्याखाली वाळवा. कुरडयांसारखं उन्हात ठेवू नका. तापलेल्या गच्चीवर यीस्ट मरून जाईल. कडक वाळलं की तुकडे करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. महिनोन्‌महिने टिकतात. पुन्हा हवं तेव्हा चमचाभर तुकडे माठातल्या पाण्यात विरघळवा, पीठ द्या, आणि ते नीट चढायला लागेपर्यंत रोज देत राहा.