दिवाळीच्या साफसफाईत निघणारा घातक कचरा

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी तोंडावर आली की आपल्याकडे घरं झाडायला काढतात. माळ्यावरचे डबे खाली येतात, कपाटांचे खण रिकामे होतात. रद्दी, पत्रा, बाटल्या भंगारवाला घेऊन जातो. मागे उरतो रंगाचा अर्धा डबा, टर्पेंटाईनची बाटली, गेलेल्या ट्यूबलाइट, मुदत संपलेल्या गोळ्या, फुगलेली मोबाइलची बॅटरी आणि आजोबांच्या इन्शुलिनच्या सुया. हे सगळं एका काळ्या पिशवीत कोंबायचं आणि घंटागाडीत टाकायचं, अशी आपली सवय. माझी कळकळीची विनंती आहे, ती पिशवी भरू नका.

कारण पुढे कुणीतरी ती हातानं उघडतं. कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या बोटात सुई घुसली, तर ती कुणी वापरलेली होती हे तिला कसं कळणार? कावीळ ब, कावीळ क, एचआयव्ही, सगळ्याची धास्ती घेऊन तिला दवाखान्यात जावं लागतं. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, हे तिथल्या कचरावेचकांनी घरोघर सांगितलं. एक ठिपका काढायला आपल्याला किती वेळ लागतो? आणि त्यामुळे समोरच्या माणसाचा हात त्या घाणीत जात नाही.

सुयांसाठी कपडे धुण्याच्या लिक्विडची जाड प्लास्टिकची बाटली ठेवा. पाण्याची पातळ बाटली नको, सुई तिच्यातून आरपार येते. टोचून झालं की सुई लगेच बाटलीत टाका. पाऊण भरली की झाकण घट्ट लावा, वरून चिकटपट्टी मारा आणि 'सुया' असं ठळक लिहा. दवाखान्यांना आपल्या सुयांची विल्हेवाट लावण्याची व्यवस्था करावीच लागते. तुमच्या डॉक्टरांना विचारा, पुष्कळदा ते ही बाटली ठेवून घेतात.

आता पाऱ्याबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण यात घरोघरी चुका होतात. ताप मोजायच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. तो फुटला की चकचकीत थेंब फरशीवर पळतात आणि मुलं ते बोटानं ढकलत खेळतात. पण पाऱ्याची वाफ होते. ती दिसत नाही, तिला वास नाही, आणि श्वासावाटे ती थेट शरीरात जाते. म्हणून आधी मुलांना बाहेर काढा, पंखा बंद करा, खिडक्या उघडा. हातातल्या अंगठ्या, पाटल्या काढून ठेवा, पारा सोन्याला लागलीच धरतो आणि दागिना खराब होतो. केरसुणी अजिबात फिरवू नका, व्हॅक्यूम क्लीनरही नको. केरसुणीनं एका थेंबाचे शंभर होतात आणि फरशीच्या सांध्यांत बसतात. हातमोजे घालून पत्रिकेच्या जाड कागदाचे दोन तुकडे घ्या, थेंब एकमेकांत मिसळत एका जागी आणा आणि काचेच्या बरणीत घ्या. मग खोलीत अंधार करून बॅटरीचा झोत जमिनीलगत धरा. राहिलेले कण लुकलुकतात, ते चिकटपट्टीनं उचला. हे सगळं बरणीत घालून झाकण घट्ट लावा. सीएफएल दिव्यात पारा फार कमी, काही मिलिग्रॅमच असतो. तरी तो फुटला तर दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा आणि काचा अशाच जाड कागदानं गोळा करा.

मोबाइलची किंवा पॉवर बँकेची बॅटरी कचरागाडीत दाबली गेली की आतल्या आत शॉर्ट होऊन पेट घेते. तिच्या टोकांना चिकटपट्टी लावा आणि ती ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रातच द्या. इन्व्हर्टरची बॅटरी नवी घेताना जुनी दुकानदाराला परत करा. भंगारात ती फोडली जाते, तेव्हा ॲसिड आणि शिसं मातीत जातं.

संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर, दोन्ही उरलंय म्हणून एकाच मोरीत ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात माणूस गुदमरतो. उरलेल्या औषधांच्या गोळ्याही बेसिनमध्ये सोडू नका. प्रतिजैविकं सांडपाण्यात गेली की जंतू त्यांना सरावतात, आणि मग आजारी पडल्यावर तीच औषधं आपल्याला लागू पडत नाहीत.

खेड्यातल्या श्रोत्यांना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. कीटकनाशकाची रिकामी बाटली धुऊन तिच्यात रॉकेल, तेल किंवा पाणी भरलेलं मी पाहिलंय. हे कधीही करू नका, बाटली कितीही धुतली तरी नाही. औषध संपलं की बाटली तीनदा पाण्यानं खळखळून घ्या, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, विहिरीजवळ किंवा ओढ्यात नाही. मग बाटलीला भोकं पाडा, म्हणजे कुणी ती परत वापरणार नाही. चुलीत किंवा शेकोटीत जाळू नका, तो धूर विषारी असतो.

आता हे सगळं द्यायचं कुठे? २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओल्या-सुक्याबरोबर घरगुती घातक कचरा वेगळा मानला. शहरांत दर वीस चौरस किलोमीटरला त्याचं एक संकलन केंद्र असावं, त्याच्या वेळा लोकांना कळवाव्यात, हेही त्यात लिहिलं. अनेक ठिकाणी हे केंद्र कुठे आहे, हे रहिवाशांना माहीतच नसतं, आणि याची मला खंत वाटते. म्हणून उद्या वॉर्ड ऑफिसात फोन करा, गावात असाल तर ग्रामसभेत विषय काढा. केंद्र कुठे आहे, कोणत्या वारी आणि किती वाजता उघडं असतं, हे स्पष्ट विचारा. सोसायटीत कुणीतरी पुढाकार घेऊन सगळ्यांचा असा कचरा एकत्र नेला, तर एका फेरीत काम होतं. तोवर तो झाकणाच्या डब्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही आणि ऊन लागणार नाही अशा जागी ठेवा.

नमस्कार.