षड्ज टाळायचा कसा

नमस्कार मंडळी. विषय आहे संगीत आणि कथा, त्यामुळे आता हा माणूस लिहिताना कुठली प्लेलिस्ट लावायची ते सांगणार असं बऱ्याच जणांना वाटत असेल, तर ते आधी उरकून टाकतो. हेडफोन लावून करुण काहीतरी ऐकत बसलं ना, की आपण लिहिलेलं सगळंच करुण वाटायला लागतं, डोळ्यात पाणीबिणी येतं, पण वाचणाऱ्याच्या कानात ते गाणं नसतं हो, त्याच्यासमोर फक्त 'तो उठला आणि निघून गेला' एवढंच असतं. म्हणून ऐका भरपूर, पण लिहायला बसलात की बंद करा. आणि 'रेडिओवर अमुक गाणं लागलं होतं' असं लिहून सीन उदास करणं हा तर निव्वळ आळस आहे.

मी गाण्याकडून मांडणी घेतो. कशावर थांबायचं, काय टाळायचं, किती वेळ टाळायचं.

मारवा घ्या. संध्याकाळचा, सूर्य मावळतानाचा राग. रिषभ म्हणजे रे कोमल, मध्यम म्हणजे म तीव्र, पंचम म्हणजे प वर्ज्य, हे झालं पुस्तकातलं. पण मारव्यात खरी गंमत षड्जाची, म्हणजे 'सा'ची आहे. गाणारा रिषभावर आणि धैवतावर, म्हणजे रे आणि ध वर रेंगाळतो, आणि सा जवळ आला की त्याला वळसा घालून पुढे जातो, म्हणजे घराच्या दारापर्यंत येऊन आत न जाता परत गल्लीत फिरायला लागल्यासारखं. आणि मागे तानपुरा तोच सा सतत वाजवतोय! म्हणजे तो लपलेला नाहीये, सगळ्यांना ऐकू येतोय, फक्त गाणारा त्यावर टेकत नाही. मारवा ऐकताना जी हुरहुर लागते ना, ती बरीचशी यातून येते.

आता हे सीनमध्ये कसं येतं बघा. आईचं तेरावं झालंय, दोघी बहिणी स्वयंपाकघरात भांडी आवरतायत, आणि विषय आहे आईच्या पाटल्यांचा. दोघींनाही माहितीये, वाचकालाही पहिल्याच पानावर कळलंय की पाटल्या कपाटात आहेत आणि ताईकडे किल्ली आहे. हा झाला तानपुरा. आता सीनभर पाटल्या हा शब्द काढायचाच नाही. बोलायचं कशावर, तर उरलेल्या लाडवांचे डबे कुणी न्यायचे आणि धाकटीची एसटी किती वाजता आहे यावर. 'ताई, सव्वापाचची मिळेल ना गं?' 'मिळेल की, घाई काय आहे तुला?' हे तुमचे रिषभ-धैवत, परत परत इथेच यायचं. एकदाच कुठेतरी सा लागू द्या, ताईनं कमरेची किल्ली नुसती चाचपली, बास. नवे लेखक इथेच घाबरतात, वाचकाला कळणार नाही म्हणून तिसऱ्या ओळीला पाटल्या बोलून मोकळे होतात. अहो, तानपुरा वाजतोय ना, कळतं त्याला.

आता पुढची गोष्ट, आणि मला ही जास्त महत्त्वाची वाटते. मारवा, पूरिया आणि सोहनी, तिन्ही रागांचे स्वर तेच. सहाच्या सहा. मारव्यात रिषभ-धैवत वर काढले, पूरियात तेच स्वर गंधार आणि निषादाच्या, म्हणजे ग आणि नीच्या आधारानं, खाली मंद्र सप्तकात जास्त वेळ घालवत गायले, आणि सोहनी तर वरच्या सप्तकातच खेळते, रात्रीच्या शेवटच्या प्रहरातला राग, चंचल. ऐकणारा तिघांना एक म्हणणार नाही.

म्हणजे तीच किल्ली, त्याच पाटल्या, त्याच दोघी. पूरिया करायचा असेल तर आईच्या आजारपणाची वर्षं वर काढा, औषधं कुणी दिली, रात्री कोण उठायचं, पाटल्या त्यात विरून जातील. सोहनी करायची असेल तर सुरुवातच वरच्या पट्टीत, 'तू हिशोब करायला आलीयेस का?' आणि दीड पानात संपवा, सोहनीला फार लांबण सोसत नाही. सीन फसला की आपण नवीन प्रसंग शोधत बसतो, कुणालातरी अपघात घडवतो, पण बरेचदा प्रसंग ठीकच असतो, जोर भलत्या सुरावर पडलेला असतो.

वेळेबद्दल थोडं बोलतो आणि थांबतो. गायक अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला झुमरा ऐका, चौदा मात्रांचा ताल, त्याचा एक फेरा, म्हणजे आवर्तन, संपता संपत नाही, आणि तरी कुणी उठून जात नाही कारण सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येणार हे ऐकणाऱ्याला माहिती असतं. संथ लिहायला हरकत नाही, पण सम कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक पाहिजे. आपल्या सीनमध्ये ती सव्वापाचची एसटी आहे. ती सुटायच्या आत काहीतरी व्हायलाच हवं, नाहीतर न होता सुटून जायला हवी, दोन्ही चालतं. आपल्या कीर्तनकारांना हे कुणी शिकवावं लागत नाही, उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या दुसऱ्या भागात, आख्यान ऐन रंगात आलं की बुवा मध्येच पद धरतात, आणि लोक चुळबुळत का होईना, बसून राहतात.

रागदारी कळत नसेल तर काही बिघडत नाही. आवडतं कुठलंही गाणं घ्या, शब्दांकडे दुर्लक्ष करा आणि आवाज कुठे टेकतो, कुठे टेकायचं टाळतो एवढं कागदावर खुणा करून बघा. चला, प्रश्न घेऊ. फक्त 'लिहिताना काय ऐकू' हा सोडून.