आवळायचं ते गाडी चाकांवर असताना

सपाट फरशीवर उभी असलेली जुनी गाडी. काम आहे पुढच्या सस्पेन्शनचे बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडे, बदलायचं. टायरमध्ये हवा बरोबर आहे. पान्याला हात लावण्याआधी एक माप घ्यायचं: चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत, दोन्ही बाजूंचं. ते लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढच्या प्रत्येक चाकामागे दोन आर्म, म्हणजे चाकाला चॅसिसशी जोडणारे दांडे. वरचा आखूड, खालचा लांब, आणि खालच्यावर टेकलेली कॉइल स्प्रिंग. मागच्या चाकांना गुटके लावले, चॅसिसखाली स्टँड दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचंच नाही. ब्रेकचा सोडवलेला कॅलिपर तारेनं वर टांगला, कारण तो ब्रेकच्या रबरी नळीवर, म्हणजे होजवर, लोंबकळला तर होज आतून फाटतो आणि बाहेरून काही कळत नाही.

वरच्या आर्मच्या बोल्टांपाशी पत्र्याच्या पातळ चकत्या दिसतात, त्या शिम. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) आणि कॅस्टर (चाक वळतं त्या अक्षाचा मागे-पुढे कल) त्यांच्यावर ठरतो. पुढच्या बोल्टाच्या वेगळ्या, मागच्याच्या वेगळ्या, तशाच तारेत ओवून चिठ्ठी बांधा.

आता स्प्रिंग. चाक हवेत लोंबकळतंय म्हणून ती मोकळी झाली असं समजू नका. अजून ती चांगलीच दाबलेली आहे, आणि बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा फिरता सांधा) सुटला की तो सगळा जोर एका क्षणात बाहेर येतो. म्हणून खालच्या आर्मखाली जॅक, स्प्रिंगमध्ये कॉम्प्रेसर, आणि वेटोळ्यांमधून चॅसिसला बांधलेली साखळी. तिन्ही हवेत, एकही वगळायचं नाही.

बॉल जॉइंटचा नट सैल करा, पण दोन-तीन आटे धरून ठेवा. टेपर, म्हणजे जॉइंटचा निमुळता दांडा, वरून ठोकून सुटत नाही, उलट आटे चेपतात. नकलच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या भागाच्या, ज्या भोकात तो बसलाय, त्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवायचा आणि समोरच्या बाजूनं दुसऱ्यानं ठोकायचं. भोक क्षणभर अंडाकृती होतं, टक् असा आवाज येतो आणि टेपर सुटतो. मग जॅक अगदी सावकाश खाली.

जुने बुश लांब बोल्ट, सॉकेट आणि पाइपच्या तुकड्यानं ओढून निघतात. आर्मला दोन कान असतील तर त्यांच्यामध्ये मोजून कापलेला पाइप घाला, नाहीतर कान आत वाकतात आणि नवा बुश तिरका बसतो. नवे बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवले की थोडे आकसतात आणि सोपे जातात. रबराला साधं ग्रीस लावू नका, तेलानं ते फुगतं.

आणि इथेच बहुतेक कामं बिघडतात. रबर बुशची आतली नळी बोल्टानं घट्ट धरली जाते. ती फिरत नाही, फिरतं म्हणजे पिळतं ते रबर. समजा आर्म 30 सेंटिमीटर लांब आहे आणि लोंबकळताना त्याचं टोक 9 सेंटिमीटर खाली आहे. म्हणजे साधारण 17 अंश. अशा अवस्थेत बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर आली की उभ्या जागीच रबर 17 अंश पिळलेलं. प्रत्येक खड्ड्यात ते आणखी पिळतं आणि लवकर फाटतं, शिवाय गाडी पुढून उंच दिसते. तेव्हा बोल्ट आधी हातानं लावा, चाकं चढवा, गाडी खाली घ्या, मागे-पुढे ढकला, बॉनेट दाबून सोडा. दोन्ही बाजू सुरुवातीच्या मापाशी आणि एकमेकींशी ताडून बघा. स्प्रिंग नवी असेल तर थोडी वाढ दिसणारच. मगच टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळणारा पाना.

बॉल जॉइंटच्या नटाची खाच दांड्यातल्या पिनेच्या भोकाशी जुळली नाही, तर नट मागे फिरवायचा नाही, पुढेच आवळायचा. नट सुटू न देणारी ही स्प्लिट पिन नेहमी नवी. टेपर कोरडा, त्याला ग्रीस नाही.

त्याच दिवशी टो, म्हणजे वरून पाहता पुढची चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, तपासायचा, कारण आर्म हलले की तो बदलतोच. आणि 500 किलोमीटर झाल्यावर हेच सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचनं बघायचे, पुन्हा गाडी चाकांवर उभी असताना.